ठमीचा ढेकर

गाईचे ढेकर मोजायची नोकरी असते, हे त्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. ते कळलं न्हाव्याच्या दुकानात, आणि तिथे कळलेली गोष्ट गालावरचा फेस वाळायचीसुद्धा वाट बघत नाही. ‘सध्या काय करता?’ असं न्हाव्यानं सहज विचारलं. गळ्यावर वस्तरा असताना खोटं बोलू नये, म्हणून या भल्या माणसानं खरं ते सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत त्यांचं नाव ढेकरमास्तर पडलं होतं. शाळेशी त्यांचा शिकण्यापुरताच संबंध आलेला, तोही थोडाच. पण नाव असं चिकटलं की पुढे त्यांची लेकही माहेरी फोन केला की आधी ‘मास्तर आहेत का?’ म्हणून विचारू लागली.

त्याआधी मास्तरांनी उभी हयात दूध बाटल्यांत भरायच्या कारखान्यात काढली. काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून एकमेकींना धडका देत येत, आणि तो खणखणाट वर्षानुवर्षं ऐकून त्यांचा डावा कान कामातून गेला. पुढे पिशव्या आल्या, बाटल्या गेल्या, पाठोपाठ कारखानाही गेला. कान मात्र परत आला नाही. घरी बसलेला माणूस, त्यात अर्धा बहिरा. बायको काही बोलली की ‘काय?’ म्हणायचं, तिनं पुन्हा सांगितलं की ‘बरं’ म्हणायचं. असं करता करता त्यांनी ‘काय’ विचारणंही सोडलं. जेवायला बसले की ताटाकडे बघत, उठले की खिडकीकडे बघत. बायको बिचारी भांडी घासता घासता भांड्यांशीच बोलायला लागली.

शहराबाहेरच्या पशुसंशोधन केंद्रात गोठ्यावर माणूस हवा आहे, हे तिनंच ऐकून आणलं आणि नवऱ्याला जवळजवळ ढकलत तिकडे नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई जनावरांच्या डॉक्टर, वयानं मास्तरांच्या लेकीच्या बरोबरीच्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केसांत गवताची काडी. त्यांनी विचारलं, गाईंची भीती वाटते का? मास्तर म्हणाले, मला गाईंची वाटत नाही, गाईंना माझी वाटत नाही, पुढचं तुम्ही बघा. बाई हसल्या आणि त्यांनी दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. कान तपासला नाही, वय विचारलं नाही. त्या गोष्टीचं ऋण मास्तरांनी मनात कायमचं जपून ठेवलं.

आता इथे थोडं शास्त्र सांगायला हवं, कारण लोक या विषयावर हसतात आणि बरेचदा चुकीच्या टोकाला हसतात. गाईचा वायू मागून नाही, मुख्यतः पुढून येतो. गवताचं दूध करायचं म्हणजे खायचं काम नाही. त्यासाठी गाईच्या पोटात सूक्ष्म जीवांची एक वसाहतच राबत असते. ते राबतात तेव्हा वायू तयार होतो, आणि गाय तो रवंथ करता करता ढेकर देऊन मोकळा करते. एकटीदुकटीचं काय एवढं? पण जगभरातल्या गाईगुरांचे ढेकर एकत्र केले, तर हवा तापवायला ते चांगलाच हातभार लावतात. बाईंचं म्हणणं साधं होतं. काही गाई मुळातच कमी वायू सोडतात, आणि हा गुण थोडाफार रक्तातून पुढे उतरतो. तेव्हा अशा आया शोधायच्या, त्यांची बीजांडं काढून काचेच्या बशीत चांगल्या वळूच्या बीजाशी त्यांची गाठ घालायची आणि तयार झालेले गर्भ साध्या गाईंच्या पोटात वाढवायचे. एका पिढीत फरक पडतो चिमूटभर, पण चिमटीचिमटीनंच पोतं भरतं. पुढेमागे जनुकांत नेमका बदल करूनही हे साधेल, असं बाई म्हणत. पण त्यासाठी कुठलं जनुक काय करतं हे आधी कळायला हवं, आणि ते कळायचं तर आधी ढेकर मोजायला हवेत.

ढेकर मोजायचं यंत्र म्हणजे माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर बसवलेली एक पेटी. कागदोपत्री तिला भारदस्त नाव होतं, पण गोठ्यात सगळे तिला खोकं म्हणत. गाईनं आत डोकं घातलं की वरून पेंडीच्या गोळ्या पडत. गाय खात असेपर्यंत उजव्या अंगाची नळी तिचा श्वास ओढून घेई आणि आकडा देई. डोकं आत आहे की नाही, एवढं खोक्याच्या डोळ्याला कळे. मास्तरांचं काम गाय खोक्यापाशी आणायची आणि ती शांतपणे खाते आहे याकडे लक्ष ठेवायचं. गाय चघळते आहे की नुसतीच उभी आहे, हे ते ऐकून ओळखत. उजवा कान चांगला, म्हणून ते नेहमी गाईच्या डाव्या बाजूला, खोक्याच्या फटीपाशी उभे राहत.

आणि तिथे उभे राहून ते बोलत. घरी महिनोन्‌महिने न बोललेला माणूस गाईंशी बोलायला लागला. बहुतेक गाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. नकटी नावाची एक काळी गाय तर जवळ गेलं की लाथ घालायची, खोक्यात डोकं खुपसायची, गोळ्या संपवायची आणि वळूनही न बघता निघून जायची. पण ठमी ऐकायची. ठमी ही तांबूस रंगाची, एक शिंग वाकडं असलेली, दुधाला बेताची गाय. मास्तर सांगत ते ती कान हलवून ऐके. बाटल्यांचा कारखाना कसा होता, लेकीचा नवरा कसा कंजूष पण मनाचा चांगला आहे, बायकोला चहात साखर किती लागते. तिला सांगून झालं की तेच घरी जाऊन सांगावंसं वाटे. बघता बघता घरी पुन्हा ‘काय?’ ऐकू येऊ लागलं, आणि एकदा विचारून भागलं नाही तर दोनदाही. बायकोनं भांड्यांशी बोलणं सोडून दिलं.

मोठे साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख. बेताच्या दुधाच्या गाई काढून टाकायच्या यादीत त्यांनी ठमीला घातलं होतं. काढून टाकायच्या म्हणजे कुठे, हे गोठ्यात कुणी बोलत नसे. मालमोटार येई आणि जाई. साहेब वाईट माणूस नव्हते. गोठ्यात जागा मोजकी, आणि जिच्यापासून काही शिकायला मिळत नाही तिला किती दिवस पोसायचं, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण तेवढ्यात ठमीचे आकडे आले. कळपात सगळ्यांत कमी. एकदा नव्हे, प्रत्येक वेळी. बाई आकडे बघून गोठ्यात धावत आल्या आणि त्यांनी ठमीच्या वाकड्या शिंगालाच मिठी मारली. ठमी यादीतून सुटली. नवा कळप तिच्यापासून उभा करायचा, तिचीच बीजांडं काढायची असं ठरलं. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. मुकं झालेलं घर जिनं बोलतं केलं, ती आता गोठ्याची राणी झाली होती.

बीजांडं काढायचा दिवस जवळ आला तेव्हा बायको म्हणाली, मला त्या गाईला एकदा भेटायचंय. तिनं माझा नवरा मला परत दिला, आणि मी तिला साधं बघितलेलंही नाही, हे बरं दिसत नाही. ठेवणीतली साडी नेसून, पिशवीत गाजरं घेऊन ती दुपारची केंद्रात आली. मास्तरांनी तिला मोठ्या तोऱ्यात गोठा दाखवला आणि खोक्याचं काम बघता यावं म्हणून समोर उभं केलं. स्वतः आपल्या जागेवर, डाव्या बाजूला गेले.

ठमीनं आत डोकं घातलं. गोळ्या पडल्या, तिनं तोंडभर घेतल्या. मास्तर काहीतरी बोलले, आणि खाता खाता ठमीनं मान वळवली. डोकं होतं आतच; फक्त नाकपुड्या तेवढ्या डाव्या फटीतून बाहेर आल्या, थेट मास्तरांच्या चेहऱ्यासमोर. पोटातून वर येणारी एक लाट तिच्या गळ्यावरून सरकली आणि तिनं लांबलचक, ऐसपैस ढेकर दिला. मास्तरांच्या कपाळावरचे केस हलले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला, रोजच्यासारखा.

बायकोला हसू आवरेना. ती म्हणाली, “अहो, सगळा ढेकर तर तिनं तुमच्या तोंडावर दिला. मग खोक्यात काय गेलं?”

मास्तरही हसले. मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी फटीकडे बघितलं, पलीकडच्या नळीकडे बघितलं, आणि पुन्हा ठमीकडे. ठमी पुढच्या गोष्टीची वाट बघत होती. इतके दिवस ते रोज चष्मा पुसत आले होते आणि त्यांना वाटत होतं, ही माया आहे. होतीही मायाच. फक्त ती आकड्यात धरली जात नव्हती.

दोघं घरी निघाली. आपण काय बोलून बसलो ते बायकोला अर्ध्या वाटेत उमगलं आणि ती काकुळतीला आली. मी काही डॉक्टर नाही, मी आपली थट्टा केली, माझ्या बोलण्यावर जाऊ नका, असं ती सारखी म्हणू लागली. एका गाईनं काय फरक पडणार आहे? राहू दे की ती बिचारी. मास्तरांनाही तेच हवं होतं. बोललं की ठमी पुन्हा यादीत जाणार, हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. न बोललं तर कुणाला कळणार होतं? पण बाई त्यांना नेहमी सांगत, की या आकड्यांवरूनच आपण जनुकं वाचायला शिकतो आहोत. उद्या वासराच्या शेपटीचे चार केस बघून ते किती वायू सोडेल हे सांगता येईल, मग खोक्याचीही गरज उरणार नाही. फक्त आजचे आकडे खरे हवेत. आज खोटं शिकलो, तर पुढचं प्रत्येक वासरू त्या खोट्यावर निवडलं जाईल. ज्या बाईनं कान न तपासता कामावर घेतलं, तिच्या उभ्या इमारतीच्या पायात आपल्या हातानं पोकळ वीट ठेवायची? रात्री मास्तरांना घास गोड लागेना. शेवटी बायकोच म्हणाली, “सांगून टाका. तुम्ही पुन्हा गप्प बसलेलं मला चालायचं नाही.”

सकाळी त्यांनी बाईंना गोठ्यात नेलं आणि ‘बघा’ म्हणत ठमीला खोक्यापाशी आणलं. स्वतः नेहमीच्या जागी उभे राहिले. ठमीनं मान वळवली आणि जे व्हायचं ते झालं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

बाई पालथ्या बादलीवर बसल्या.  त्यांना राग येईल असं मास्तरांना वाटलं होतं, पण त्या हळू आवाजात बोलू लागल्या. ठमीच्या केसांवरून जनुकं वाचली होती, ती सांगत होती की गाय साधीच आहे. दोन गोष्टींचा मेळ बसत नव्हता. आपलं वाचणंच अजून कच्चं आहे, असं म्हणून त्यांनी खोक्यावर विश्वास ठेवला. खरं म्हणजे त्यांना ठमीवरच विश्वास ठेवायचा होता. “मलाही ती आवडायची ना, मास्तर,” त्या म्हणाल्या. “म्हणून मी फार खोलात गेलेच नाही. तुम्ही आज बोलला नसता, तर माझी पुढची सगळी वर्षं पाण्यात गेली असती.” उठून त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला आणि तो बादलीच्या कडीसारखा नुसताच हलवत राहिल्या.

पुन्हा मोजणी झाली. मास्तरांना भिंतीपलीकडे वैरणीच्या कोठीत बसवलं, आणि ठमीजवळ न बोलणारा, तंबाखूच्या वासाचा एक गडी उभा केला. पहिल्या दिवशी तिनं गोळ्यांना तोंडच लावलं नाही. डावीकडे बघून हंबरत राहिली. मास्तरांच्या चांगल्या कानाला ते भिंतीतूनही ऐकू येत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं की हाही कान गेला असता तर बरं झालं असतं. मग भुकेपुढे तिचं चाललं नाही. ती सरळ तोंडानं खाऊ लागली आणि आकडे आले: साधे, चारचौघींसारखे, किंबहुना थोडे चढेच. खरी कमी वायूची गाय निघाली ती नकटी, लाथाळ, माणूसघाणी. तिनं कधी कुणाकडे वळून बघितलंच नव्हतं, त्यामुळे तिचा आकडा पहिल्यापासून चोख होता.

साहेबांच्या खोलीत बाई गेल्या तेव्हा मास्तर दाराबाहेर टोपी हातात धरून उभे होते. साहेब म्हणाले, ठीक आहे, ठमीला पुढच्या गाडीनं पाठवा आणि यापुढे खोक्यापाशी माणूस उभा करायचा नाही. बाईंनी दोन्ही गोष्टींना नकार दिला. नकटीचे गर्भ वाढवायला शांत, माणसाळलेल्या, न बिथरणाऱ्या गाई लागणार होत्या. ठमीहून शांत गाय दाखवा, मग बोला, असं त्या म्हणाल्या. दुसरं त्या थोडं चढ्या आवाजात बोलल्या, म्हणून मास्तरांना दारातून नीट ऐकू आलं. “उद्या हे खोकं गावोगावच्या गोठ्यांत जाणार आहे, साहेब. तिथे माणसं असतील आणि गाई त्यांच्याकडे बघतील. गाईनं माणसाकडे बघितलं की चुकणारं खोकं आपल्याला काय कामाचं? गाईची मान सरळ करण्यापेक्षा दुसऱ्या बाजूनंही नळी बसवू.”

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. ते लगेच हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. आणि त्यांना ओळखणारे सांगत, की तेच त्यांचं हो असतं. मास्तरांनी टोपी घातली, पुन्हा काढली, आणि बाई बाहेर आल्यावर त्यांना नमस्कार करायचाही विसरले. सरळ गोठ्यात जाऊन ठमीच्या मानेवर कपाळ टेकून उभे राहिले.

नकटीचा गर्भ ठमीच्या पोटात ठेवला आणि तो टिकला. महिने भरले तसं बायकोनं मास्तरांच्या डब्याबरोबर ठमीसाठी गाजरांचा वेगळा डबा द्यायला सुरुवात केली. गल्लीत न्हावी रोज खबर विचारी. ठमी भरल्या दुपारी व्याली. कालवड झाली, काळीकुळीत, नाकाला नकटीसारखीच चपटी. ठमीनं तिला चाटून चाटून असं लख्ख केलं की बघणाऱ्याला शंका येऊ नये ही कुणाची लेक आहे. नकटी दोन खुंट्यांपलीकडे वैरण खात होती. तिनं तेव्हाही वळून बघितलं नाही.

कालवड वाढली ती ठमीच्या दुधावर आणि ठमीच्याच वळणावर. रक्त नकटीचं, पण संगत ठमीची. मास्तर दिसले की ही मान वळवून, कान उभे करून गोष्ट ऐकायला तयार. खोक्यात डोकं घालण्याजोगी ती झाली तोवर डाव्या फटीपाशीही नळी बसली होती. पहिल्या मोजणीला बाईंनी मास्तरांना हाक मारली आणि म्हणाल्या, “तुमच्या जागेवर उभे राहा. आणि बोला काहीतरी.”

 इतक्या दिवसांनी मास्तर पुन्हा त्या जागेवर उभे राहिले. मग त्यांनी तिला सांगायला सुरुवात केली, की तुझी आई एकदा यादीत होती. कालवडीनं तोंडभर गोळ्या घेतल्या, मान वळवली आणि ढेकर दिला: छोटासा, नेमस्त, पाहुण्यांच्या घरी द्यावा तसा. नळीनं तो जिथल्या तिथे टिपला. बाईंनी आकडा बघितला, मोजणी दुसऱ्या दिवशी पुन्हा केली, मग आणखी काही दिवस करत राहिल्या, आणि तेव्हा कुठे म्हणाल्या की हो, कमी आहे, खरोखरच कमी आहे. केसांवरून वाचलेलंही या वेळी तेच सांगत होतं. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. एका कालवडीनं जगाची हवा निवत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तरी त्या दिवशी चहा जरा जास्त गोड लागला.

मास्तर आपला कप घेऊन ठमीपाशी गेले. ती रवंथ करत बसली होती. ते तिच्यासमोर जमिनीवर टेकले आणि म्हणाले, “ठमे, तुझी लेक पास झाली गं. तुझे उपकार आहेत माझ्यावर. माझ्या घरावरसुद्धा.” ठमीनं रवंथ थांबवला, मान वळवली आणि भरल्या पोटाचा एक लांबलचक ढेकर त्यांच्या तोंडावर दिला. तिथे नळी नव्हती, खोकं नव्हतं, आणि तो आकडा कुणालाही नको होता.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि घरी गेल्यावर बायकोला सगळं पहिल्यापासून सांगितलं.